हॅटीबाई, मुक्काम शाहूवाडी

सकाळचा चहा पोटात जाण्यापूर्वी माणसानं कुणाला शब्द देऊ नये, हे ईरप्पा किल्लेदार गुरुजींना छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवूनही कळलं नव्हतं. कळलं असतं तर त्या मंगळवारी सकाळी सात वाजता, एका हातात रिकामी कपबशी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून, ते आपल्या नातीला "रडू नकोस, पुरावा मी काढून देतो" असं म्हणाले नसते.

नात म्हणजे शिवलीला. वय वर्षं नऊ, राहणार टल्सा, राज्य ओक्लाहोमा, अमेरिका. गुरुजींची मुलगी दानेश्वरी नोकरीसाठी तिकडं गेली आणि ट्रॅव्हिस नावाच्या एका उंच, अबोल माणसाशी लग्न करून तिकडचीच झाली. जावई भला होता. लग्नानंतर कोल्हापूरला आला तेव्हा गुरुजींच्या पाया पडायला वाकला आणि त्याची कंबर धरली. तीन दिवस तो पलंगावर आडवा होऊन पुरणपोळी खात होता. तेव्हापासून गुरुजींना त्याच्याबद्दल माया होती.

तर शिवलीलाच्या वर्गात प्रत्येक मुलानं आपल्या घराण्याचं झाड काढायचं होतं आणि पालकांच्या मेळाव्यात उभं राहून त्याची माहिती सांगायची होती. तिनं झाडाच्या एका फांदीवर कोल्हापूरचे आज्जा-आज्जी काढले. दुसऱ्या फांदीवर वांडाआजी, म्हणजे ट्रॅव्हिसची आई, आणि तिच्याही वर वांडाआजीची आजी हॅटी. ही हॅटी चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीची होती, असं वांडाबाई गेली सत्तर वर्षं सांगत आल्या होत्या. त्यांच्या दिवाणखान्यात हॅटीचा फोटो होता. काळेभोर केस, दोन जाड वेण्या, चेहऱ्यावर हसू नाही. शिवलीलानं वर्गात तेच सांगितलं.

अडचण अशी झाली, की तिची जिवाभावाची मैत्रीण जोली ही खरोखरची चेरोकी होती. जोलीनं शांतपणे विचारलं, "यादीत नाव आहे का तुझ्या आजीचं?"

चेरोकी लोकांची सव्वाशे वर्षांपूर्वी झालेली एक नोंदयादी आहे. त्यात तुमचा पूर्वज असला तर तुम्ही त्यांच्यातले. शिवलीलाला यादी म्हटल्यावर किराणा मालाची तेवढी ठाऊक. ती फळ्याकडं बघायला लागली. वर्ग हसला. जोली म्हणाली, "सगळे असंच सांगतात," आणि त्या दिवसापासून शाळेच्या बसमध्ये दुसऱ्या बाकावर बसायला लागली.

"आज्जा, मी खोटं नाही बोलली," शिवलीला हुंदके देत म्हणाली. तिचं मराठी असं अधूनमधून घसरायचं, पण गुरुजींना त्या क्षणी व्याकरण सुचलं नाही, यावरून त्यांची अवस्था ओळखावी. "वांडाआजी बोलली. जोली माझ्याजवळ बसत नाही."

मूल खोटं बोललं तर गुरुजी समजून घेत. पण खरं बोलणाऱ्या मुलाला कुणी खोटं ठरवलं तर त्यांच्या कानाची पाळी लाल होत असे. ती लाल झाली आणि त्यांनी शब्द दिला. मेळाव्याला चोवीस दिवस होते.

पहिला पुरावा त्यांनी अर्थातच वांडाबाईंकडं मागितला. वांडाबाईंचा चेहरा मोबाइलच्या पडद्यावर मावेनासा झाला.

"पुरावा? माझ्या आजीनं मला स्वतः सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मागं भिंतीवर ती तलवार आहे, तिचा पुरावा मी कधी मागितला का?"

गुरुजी समाधानानं हसले. भिंतीवरची तलवार किल्लेदार घराण्याची होती. त्यांचे पूर्वज गडहिंग्लजजवळच्या सामानगडाचे किल्लेदार होते, हे घरात लहान पोरालाही माहीत होतं. त्याला पुरावा कसला मागायचा? आडनावच होतं ना!

*

कळंबा तलावावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांत गुरुजींच्या शेजारचा पिराजी चौगुले असे. पिराजी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला होता. म्हणजे खुर्चीवरून निवृत्त झाला होता, कामातून नव्हे. कॉलनीतल्या निम्म्या पोरांची जात पडताळणी त्यानंच पार पाडली होती. गुरुजींनी त्याला सहज म्हणून हकिकत सांगितली. पिराजीला काही सहज सांगू नये, हेही त्यांना छत्तीस वर्षांत कळलं नव्हतं.

"चेरोकी?" पिराजी जागच्या जागी थांबला. "कुठल्या प्रवर्गात येतंय ते?"

"प्रवर्ग नव्हे हो. ते एक राष्ट्र आहे. त्यांचं स्वतःचं सरकार आहे, स्वतःची लिपी आहे..."

"लिपी असू दे की. दाखला कोण देतंय?"

"त्यांचं नोंदणी कार्यालय आहे म्हणे."

"मग झालं!" पिराजीनं टाळी वाजवली. तलावावरचे दोन बगळे उडाले. "कार्यालय जगात कुठलं बी असू दे गुरुजी, त्याला कागद लागतोय. वंशावळीचं शपथपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, पोलीस पाटलाचं पत्र आणि दोन साक्षीदार. एवढं फेकलं की कोण बी हालतंय. मी हाय न्हवं?"

गुरुजींना नेमकी हीच भीती होती.

संध्याकाळी पिराजी स्टॅम्पपेपर घेऊनच आला. गुरुजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं वंशावळ काढली. जुन्या कागदांत बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव 'कोम' लावून लिहीत, म्हणून सगळ्यात वर त्यानं लिहिलं, 'हॅटी कोम वॉल्टर'. मधली पिढी ठाऊक नव्हती म्हणून एक ओळ सोडून खाली वांडा. तिच्या खाली ट्रॅव्हिस. त्याच्या खाली शिवलीला. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं, हे गुरुजींना कबूल करावं लागलं. शेवटी साक्षीदाराच्या जागी पिराजीनं झोकात सही ठोकली. सहीवरचा मजकूर गुरुजींनी चष्मा लावून वाचला. 'सदर हॅटीबाई यांस मी लहानपणापासून व्यक्तिशः ओळखतो.'

"अहो पिराजी! ती बाई जाऊन जमाना झाला असेल! आणि तुम्ही आयुष्यात मिरजेच्या पलीकडं गेला नाहीत."

"नमुन्यात तसंच लिवायचं असतंय गुरुजी," पिराजी जराही न हलता म्हणाला. "मी आजपातूर दोनशे जणांना लहानपणापासनं वळीखलंय. एकानं बी हरकत घेतलेली न्हाय."

"खोटं आहे हे!"

"खोटं कसलं? नमुना हाय तो. नमुना कधी खरा-खोटा असतोय व्हय?"

चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, उभ्या असलेल्या शांतव्वा, गुरुजींच्या पत्नी, भाकरी उलटताना म्हणाल्या, "सही करून टाका आणि टेबल मोकळं करा. मला पीठ मळायचं हाय."

गुरुजींनी सही केली. मुलांना आयुष्यभर 'न वाचता सही करू नये' असं शिकवणाऱ्या माणसानं वाचून, समजून, जाणूनबुजून सही केली. मेळाव्याला वीस दिवस राहिले होते.

*

पिराजीच्या मते शपथपत्राला शासकीय नोंदणी क्रमांक पडल्याशिवाय अमेरिकेत वजन येणार नव्हतं. त्यासाठी ते वर्षाराणीच्या ई-सेवा केंद्रात गेले. वर्षाराणी गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. तेराचा पाढा तिला कधी आला नाही आणि आता तिच्यापुढं रोज तेरा माणसांची रांग असे. गुरुजींना पाहून तिनं खुर्ची पुसून दिली.

रांगेतल्या लोकांनी विचारलं म्हणून गुरुजींनी चेरोकी लोकांची माहिती सांगितली. शिकवण्याची संधी त्यांनी जन्मात सोडली नव्हती. हे लोक मूळचे पूर्वेकडच्या हिरव्या डोंगरांतले. शेती करणारे, शिकलेले. सरकारनं त्यांना बंदुकीच्या धाकानं घरातून बाहेर काढलं आणि हजारभर मैल पश्चिमेला चालवत नेलं. वाटेत थंडीनं, उपासानं हजारो माणसं गेली. रांग पुढं सरकायची विसरली. एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कुठल्या धरणात गेलं वो त्यांचं गाव?"

गुरुजींनी तिला धरण नव्हे असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हातारीला मुद्दा कळला होता.

एवढ्यात वर्षाराणी म्हणाली, "सर, झालं. नोंदणी क्रमांक आला."

"आला? पत्ता काय घातलास?"

"शाहूवाडी."

"शाहूवाडी?"

"जिल्हा-तालुका निवडल्याबिगर ते पुढंच जात न्हाय, सर. टल्सा यादीत न्हाय. मग म्हटलं डोंगराळ तालुका घालावा. डोंगरातली माणसं, असं तुम्हीच आत्ता शिकवलंत की."

गुरुजींना आपल्या शिकवण्याचा इतका तत्काळ परिणाम झालेला कधी पाहायला मिळाला नव्हता.

शपथपत्राची रंगीत प्रत, त्याचं इंग्रजी भाषांतर, हॅटीबाईंच्या फोटोचा फोटो आणि गुरुजींचं स्वतःच्या हातानं लिहिलेलं इंग्रजी विनंतीपत्र एवढं सगळं वर्षाराणीनं तिकडच्या एका वंशावळ-ग्रंथालयाला ईमेलनं पाठवलं. त्या पत्रात गुरुजींनी 'आपला आज्ञाधारक' असं लिहिलं होतं. शाळा तपासनीसाला लिहिताना लागलेली सवय.

चार दिवसांनी फोन वाजला. अमेरिकेतून नव्हे, शाहूवाडी तालुक्यातल्या एका गावातून. महसूल खात्याच्या एक तरुण बाई बोलत होत्या.

"हॅटी कोम वॉल्टर यांच्या वंशावळीचा अर्ज तुम्हीच केलाय का? मूळ कागदपत्रं घेऊन समक्ष या. गावात चौकशी केली, बाई मिळत नाहीत."

गुरुजी एसटीनं गेले. जाताना पाऊण तास उभं राहून, येताना एका कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून. त्या बाई बिचाऱ्या सज्जन होत्या. त्यांनी खरोखर दारोदार चौकशी केली होती.

"सगळे नाही म्हणाले," त्या वही बघत म्हणाल्या. "फक्त वरच्या वाडीतली एक आजी म्हणाली, व्हय, होती की हॅटी. मुंबईला गेली ती आलीच न्हाय."

गुरुजींनी सगळी हकिकत सांगितली. बाईंनी पाणी दिलं आणि अर्ज मागं घ्यायला सांगितलं. अर्ज मागं घ्यायला दुसरा अर्ज होता. त्यात कारण निवडायचं होतं. मयत, दुबार किंवा स्थलांतर. हॅटीबाई मयत तर होत्याच. पण मयत म्हटलं की मृत्यूचा दाखला जोडावा लागत होता. गुरुजींनी 'स्थलांतर' निवडलं. कुठं म्हणून विचारलं असतं तर ते 'मुंबई' म्हणाले असते, इतके ते दमले होते.

घरी आले तर शांतव्वा दारातच.

"गल्लीत काय बोलत्यात ऐकलंय का? गुरुजींनी जात बदलली म्हणं. भाजीवाली विचारत हुती, काकू, तुमी आता कुणात?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, कोथमीर ताजी हाय का ते बघ आधी."

गुरुजी पाय धुवायला न्हाणीत गेले आणि बराच वेळ नुसतेच पाय धूत बसले.

*

ग्रंथालयाचं उत्तर आलं तेव्हा मेळाव्याला अकरा दिवस उरले होते. लिहिणाऱ्या बाई फार नम्र होत्या. इतक्या लांबून, इतक्या सुंदर अक्षरात, शिक्क्यांसह आलेला कागद त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी मनापासून शोध घेतला होता. नोंदयादीत हॅटीबाईंचं नाव नव्हतं. त्यांच्या आईबापांचंही नव्हतं. मात्र एकोणीसशे सालच्या जनगणनेत नऊ वर्षांची हॅटी सापडली होती. जन्म आर्कान्सा राज्यात, आई आयर्लंडची, वडील जर्मनीचे. वडिलांचा धंदा, साबण उकळणे.

पत्राच्या तळाशी आणखी एक परिच्छेद होता. 'हॅटीबाई १९५६ साली वारल्या. आपले साक्षीदार श्री. पिराजी यांचे वय कागदावर अडुसष्ट लिहिले आहे. ते त्यांना लहानपणापासून कसे ओळखत होते, हे जाणून घेण्याची आम्हाला उत्सुकता आहे. त्यांची मुलाखत घेता येईल का?'

"मुलाखत?" पिराजीनं मिशीवरून हात फिरवला. "पासपोर्ट काढावा लागंल न्हवं?"

गुरुजींनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की ज्या नजरेनं चौथी ब चा वर्ग पूर्वी एका क्षणात खाली बसत असे. पिराजी आधीच बसलेला होता.

आता हे वांडाबाईंना सांगायचं होतं. नापास मुलाच्या पालकांना भेटताना गुरुजी नेहमी आधी मुलाचं अक्षर चांगलं आहे असं सांगत. इथं अक्षर पिराजीचं होतं, त्यामुळं तीही सोय नव्हती. त्यांनी पत्र सरळ वाचून दाखवलं.

वांडाबाईंनी पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "ती माझी वेणी घालताना सांगायची. मी नऊ वर्षांची होते." आणि उठून भिंतीवरच्या फोटोकडं बघत उभ्या राहिल्या. गुरुजींना वाटलं, आपण उगाच पत्रं पाठवली.

पण वांडाबाई ओक्लाहोमाच्या वाऱ्यावादळात वाढलेल्या होत्या. दोन मिनिटांत त्या परत कॅमेऱ्यासमोर आल्या. "ठीक आहे. हॅटी नाही तर नाही. शिवलीला तुमच्या बाजूनं तरी लढवय्यांची आहे! तिनं मेळाव्यात तेच सांगू दे. तलवारीचा फोटो पाठवा. मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय."

शिवलीला त्यांच्या काखेखालून डोकावली. डोळ्यांखाली सुजलेलं होतं.

"आज्जा," ती म्हणाली, "जोली विचारणार, यादी कुठं आहे. तुझी यादी आहे ना?"

गुरुजींनी मागं वळून तलवारीकडं पाहिलं. नंतर म्हणाले, "आहे. आपल्यात हेळवी असतो."

*

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा माणूस. गुरुजींच्या लहानपणी तो सुगी झाली की बैलावर बसून गडहिंग्लजच्या घरी येई. अंगणात घोंगडीवर बसून मूळ पुरुषापासून सगळी नावं कानडीत सुरात म्हणे, नव्यानं जन्मलेल्या पोरांची नावं चोपडीत लिहून घेई आणि सुपातलं धान्य घेऊन पुढच्या घरी जाई. पण घर कोल्हापूरला आलं आणि हेळव्याची वाट मोडली. गुरुजींनी गडहिंग्लजला चुलतभावाला पाच फोन केले तेव्हा कळलं, की म्हातारा हेळवी गेला आणि त्याचा मुलगा सोमेश शिरोली एमआयडीसीत, एका फाउंड्रीत कामाला आहे. सुट्टी रविवारी.

रविवारी सोमेश आला तो मोटारसायकलवर. पाठीला खताची प्लॅस्टिक पिशवी बांधलेली आणि पिशवीत कापडात गुंडाळलेल्या चोपड्या. पस्तिशीचा, मजबूत, हातावर भट्टीचे डाग. शांतव्वांनी घोंगडी अंथरली, सुपात जोंधळे ठेवले. पिराजी न बोलावता आला होता. आपला कुणीतरी वंशावळीतला भाऊबंद आहे, अशा नजरेनं तो सोमेशकडं बघत होता.

सोमेशनं चोपडीला कपाळ टेकलं आणि सूर धरला. अगदी बापाचा सूर. गुरुजी सरसावून बसले. त्यांच्या आज्जाचं नाव आलं, पणजाचं आलं, त्यांना कधीच माहीत नसलेल्या चार पिढ्या आल्या. दानेश्वरीचं नाव नव्हतं, ते सोमेशनं तिथंच लिहून घेतलं. तिच्या खाली ट्रॅव्हिस लिहिला, शिवलीला लिहिली. पेनची टोपी दातात धरून तो म्हणाला, "टल्सा म्हंजे आमच्या हद्दीच्या लई भाईर झालं, अण्णा. पण लिवतो."

"आणि सामानगडाचं?" गुरुजींनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं. "किल्लेदारीचं काय लिहिलंय?"

सोमेशनं पानं मागं उलटली. "गडाचं हाय की. मूळ पुरुष बसलिंगप्पा. गडावरच्या घोड्यांस्नी हरभरं भिजवून घालायचं काम."

शांतव्वांच्या हातातलं सूप जरा हललं.

"हरभरे?" गुरुजी म्हणाले.

"व्हय. भिजवून. तीन पिढ्या त्योच धंदा."

"नीट बघ बाबा. किल्लेदार असेल. आडनावच किल्लेदार आहे आमचं!"

"ते बी हाय लिवल्यालं. तुमच्या आज्जानं गावच्या नाटकात किल्लेदाराचं काम केलतं. लई गाजलं. तुमच्या वडलांस्नी शाळेत घालताना मास्तरनं इचारलं, आडनाव काय, तर आज्जा बोलला, किल्लेदार. तेच पडलं." सोमेशनं भिंतीकडं बोट केलं. "ती तलवार तवाचीच. गडहिंग्लजच्या बाजारातनं घेतलेली. आमचा आज्जा संगं हुता."

गुरुजींना सगळ्यात जास्त राग आला तो त्या मास्तराचा. नाव दाखल करताना मास्तरांनी चौकशी करायला नको? एका बेफिकीर शिक्षकामुळं घराण्याच्या तीन पिढ्या वाया गेल्या!

एव्हाना शांतव्वांनी पदर तोंडाला लावला होता. त्यांचे खांदे गदगदत होते. एक्केचाळीस वर्षं त्या दर दसऱ्याला त्या तलवारीला चिंचेनं घासून हळद-कुंकू वाहत आल्या होत्या. रडत असत्या तरी कुणी दोष दिला नसता. पण त्या हसत होत्या.

पिराजी पुढं सरकला. "हे बघ सोमेश, एक ओळ तर लिवायची हाय. 'गडाचे किल्लेदार.' टल्सावरनं कोण येतंय तपासायला? मी साक्षीदार म्हणून सही करतो. बसलिंगप्पांना मी लहानपणापासनं..."

"न्हाय जमायचं काका," सोमेश चोपडी मिटत म्हणाला. "आमच्या बापानं राजाला बी खोटी पिढी लिवून दिली न्हाय. एक ओळ फिरवली की आमची सगळी चोपडी रद्दी. मग फाउंड्री हायच."

तो गेल्यावर पिराजी हळूच म्हणाला, "गुरुजी, चोपडी कानडीत हाय. अमेरिकेत कानडी कोण वाचतंय? फोटो पाठवा आणि म्हणा, हे बघा किल्लेदार."

आणि इथं खरी गोष्ट सांगायला हवी. गुरुजींनी तो फोटो काढला. चोपडीच्या त्या पानाचा, सोमेश असतानाच, आठवण म्हणून काढला होता. आता शेजारी तलवारीचा काढला. बोट 'पाठवा'वर ठेवलं. पाठवलं असतं तर शिवलीला ताठ मानेनं उभी राहिली असती. शब्द पाळला गेला असता. वांडाबाईंची चर्चमध्ये फजिती टळली असती. आणि जोलीनं विचारलं असतं, "यादीत काय लिहिलंय?" तर शिवलीलानं आज्जावर भरवसा ठेवून जे सांगितलं असतं, ते दुसऱ्यांदा खोटं ठरलं असतं. या वेळी तर वांडाआजीला माहीत नसलेलं नव्हे, आज्जाला माहीत असलेलं खोटं.

गुरुजींच्या कानाची पाळी लाल झाली. त्यांनी बोट उचललं, स्टूल घेतलं आणि तलवार भिंतीवरून काढली. भिंतीच्या रंगावर तलवारीच्या आकाराचा एक उजळ पट्टा तेवढा उरला.

*

सोमवारी सकाळी, या वेळी चहा घेऊन, त्यांनी शिवलीलाला सगळं सांगितलं. साबण सांगितला, हरभरे सांगितले, नाटक सांगितलं. पिराजीची सहीसुद्धा सांगितली. आणि म्हणाले, "मी तुला पुरावा देतो म्हणालो होतो बाळ. पुरावा मिळाला. पण आपल्याला पाहिजे होता तो नव्हे. चुकलं माझं. शोधायच्या आधीच उत्तर ठरवलं मी."

शिवलीलानं 'साबण' आणि 'हरभरे' हे शब्द वहीत लिहून घेतले. मागं वांडाबाई उभ्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी चर्चमध्ये काय सांगू?"

पुढचे काही दिवस फोन नाही. मेळाव्याचा दिवस आला आणि गेला. गुरुजी तलावावर जाताना पिराजीला चुकवून दुसऱ्या बाजूनं जायला लागले. पिराजीही दुसऱ्या बाजूनं येऊन भेटायला लागला. दोघंही एकमेकांशी न बोलता शेजारून चालत.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी फोन वाजला. पडद्यावर शिवलीला आणि तिच्या शेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी. गुरुजींनी चष्मा सारखा केला.

"आज्जा, ही जोली," शिवलीला म्हणाली. "आज आमच्याकडं झोपायला आली."

तिनं झाड कॅमेऱ्यासमोर धरलं. एका फांदीवर हॅटीचा फोटो, खाली लिहिलं होतं, 'साबण'. दुसऱ्या फांदीवर तलवारीचं चित्र, त्यावर लाल फुली, खाली 'नाटक'. सगळ्यात वर सोमेशच्या मोटारसायकलचं चित्र. मेळाव्यात तिनं सांगितलं होतं, की आमच्या घरात दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी थापा मारल्या, आणि ते मी नाही म्हणत, यादीत आहे. सगळ्यात जोरात वांडाआजी हसली म्हणे. आता चर्चमध्ये ती साबणाचं सांगते.

"तुमच्यातही यादी असते?" जोलीनं विचारलं.

"असते तर," गुरुजी म्हणाले. "आणि यादीवाला ती बदलून देत नाही."

जोलीनं मान डोलावली. तिच्या दृष्टीनं हे बरोबर होतं. मग दोघी एकमेकींच्या कानात काहीतरी कुजबुजल्या.

"आज्जा, वर्गात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि मला येत नव्हता," शिवलीला म्हणाली. "घोड्याचे हरभरे किती वेळ भिजवायचे?"

छत्तीस वर्षांत मुलांच्या एकाही प्रश्नाला 'माहीत नाही' न म्हणालेले गुरुजी क्षणभर अडखळले. मग मोबाइल छातीशी धरून स्वयंपाकघराकडं वळून ओरडले, "अगं, हरभरे किती वेळ भिजवायचे?"

आतून शांतव्वांचा आवाज आला, "घराणं तुमचं, आन् इचारताय मला?"